साठ स्कॅन, चार कोलाज आणि न लागलेलं अक्षर

तुमचा प्रश्न मला असा समजला: संग्रहातली कागदपत्रं आणि मजकूर यांच्यावरून नवं काम करायचा आठ आठवड्यांचा प्रकल्प आहे. तुम्ही साठेक स्कॅन जमवले, त्यांचे चार मोठे कोलाज केले, आणि शिक्षक म्हणाले की दिसायला छान आहे पण ही सजावट झाली. आता तंत्र बदलावं का, सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळी प्रतिमा उमटवायची जुनी छपाई, करून बघावी का, असं तुम्ही विचारता आहात.

तंत्र बदलून हे सुटणार नाही. तेच साठ स्कॅन निळ्यात छापले तर निळी सजावट होईल. तुम्ही स्वतःच लिहिलंय की कोलाजमधल्या एकाही पत्राचा मजकूर शेवटपर्यंत वाचलेला नाही, कारण अक्षर लागत नव्हतं. गाठ तिथे आहे. न वाचलेला कागद चित्रात आला की तो निव्वळ पोत म्हणून येतो, आणि पोत म्हणून बघितलं तर साठही कागद सारखेच तपकिरी. म्हणून माझा पहिला सल्ला कदाचित तुम्हाला आवडणार नाही: साठांमधून एक कागद निवडा. फार तर तीन. बाकीचे बाजूला ठेवा, पण टाकून देऊ नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मूळ कागद हातात घेऊन बघता येतो की फक्त पडद्यावर दिसतो, तुमच्याकडे छपाईची प्रेस आहे की नुसतं टेबल, कागदात नाव असलेली माणसं किंवा त्यांची मुलंबाळं हयात आहेत का, भाषा आणि लिपी तुम्हाला येते का. शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाचून देणारं माणूस आधी शोधा, रंग-ब्रश नंतर.

आता ‘एक कागद वाचणं’ म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघू. समजा तुमच्या साठांपैकी एक पान कारखान्याच्या हजेरीपटाचं आहे. चोवीस ओळी, डावीकडे अनुक्रमांक आणि नावं, उजवीकडे महिन्याच्या ३१ चौकटी. पहिला तासभर फक्त दिसतं ते लिहून काढायचं, अर्थ लावायचा नाही. शाईचे रंग किती, हात किती जणांचे, रेघा छापील की पट्टीने मारलेल्या, घडी कुठे पडली, टाचणीचा गंज कुठे उतरला, मागच्या बाजूला काय आहे. असं लिहिताना मग लक्षात येतं की १९व्या ओळीतल्या हजेरीच्या खुणा १७ तारखेला थांबल्या आहेत. बाकी सगळ्यांच्या गैरहजेरीला चौकटीत ‘गै’ लिहिलंय. या ओळीत मात्र १८ ते ३१ या १४ चौकटींमधून एकच आडवी रेघ गेली आहे, आणि तीही पट्टी न लावता, हातानेच. पुढच्या महिन्याचं पान उलटलं की १९ क्रमांकापुढे दुसरंच नाव दिसतं.

एवढं वाचल्यावर प्रश्न आपोआप उभा राहतो: माणूस गेला कुठे? आणि नाव बदललं तरी क्रमांक तसाच कसा राहिला? याचं उत्तर कागद देत नाही. काम सुरू होतं ते या ‘देत नाही’पासून. ‘स्मृती’, ‘काळ’, ‘इतिहास’ असले विषय मनात धरून संग्रहात गेलं की सगळेच कागद त्या विषयाला लागू पडतात, आणि म्हणून कुठलाच हलवत नाही. एका कागदावरून पडलेला एक नेमका प्रश्न हातात असला, की माध्यम, आकार, रंग, प्रकाश हे सगळं त्या प्रश्नाला जुळतं की नाही हे तपासता येतं.

वरच्या उदाहरणात पुढचा महिना बघायला मिळाला, कारण पानं मूळ क्रमाने होती. म्हणून संग्रहात बसताना एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम बिघडवायचा नाही. तो क्रम हीसुद्धा माहिती आहे. जवळ फक्त पेन्सिल ठेवा, पेन नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी सुती हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी, कारण मोज्यात कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइलचे मोजे घाला. पान उघडं ठेवायला बोटांनी दाबू नका, वाचनकक्षात मिळणारी वजनं आणि उतरते फोमचे ठोकळे मागून घ्या.

फोटो काढताना पहिला फोटो फोल्डरच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा. ही सवय लावली नाही तर तिसऱ्या आठवड्यात साठ निनावी प्रतिमा हातात राहतात आणि कुठलं पान कुठलं ते कळत नाही. कागदाच्या कडेला पट्टी ठेवून एक फोटो घ्या, म्हणजे खरा आकार नोंदला जातो. मागच्या बाजूचाही फोटो हवाच, ती कोरी असली तरी. आणि परवानगी असेल तर एक फोटो तिरप्या प्रकाशात: फ्लॅश बंद, दिवा टेबलापासून १५-२० अंशांवर, एकाच बाजूने. सपाट प्रकाशात न दिसणारी खोडलेली पेन्सिल, वरच्या पानावर लिहिताना उमटलेला दाब, घड्यांचा क्रम हे सगळं यात उठून येतं. कित्येकदा कामाची दिशा याच एका फोटोतून मिळते.

रिझोल्यूशनचा हिशेब आधीच करा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांब बाजूला साधारण ४००० पिक्सेल असतात. ए-४ कागदाची लांब बाजू ११.७ इंच, म्हणजे खऱ्या आकारात इंचाला सुमारे ३४० पिक्सेल मिळतात. छपाईला ते उत्तम. तेच ए-२ला मोठं केलंत तर १७० उरतात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडायला लागतात. पोस्टकार्डाएवढा कागद भिंतीएवढा करायचा असेल तर स्कॅन १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) मागा. नंतर सॉफ्टवेअरने वाढवलेले पिक्सेल अक्षराची कड बनवून देतात, आणि बनवलेली कड हस्ताक्षराच्या बाबतीत खोटी असते.

अक्षर लागत नाही म्हणून वाचन सोडू नका. लिप्यंतर हे स्टुडिओतलंच काम समजा. ओळीला ओळ ठेवून उतरवा, मूळ शुद्धलेखन सुधारू नका, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, फाटलेल्या जागी ‘फाटले’, खोडलेला शब्द वाचता येत असेल तर खोडलेल्या खुणेसह. पहिलं पान रखडत जातं. त्या हाताचे र, ल, श, जोडाक्षरं अशी एक बाराखडी वेगळ्या कागदावर करत गेलात की दुसरं पान निम्म्या वेळात होतं. जुन्या छापील मजकुराला ओसीआर (प्रतिमेतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लावणार असाल तर निघालेला मजकूर प्रतिमेशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. घ-ध, ष-प, भ-म ही नेहमीची फसगत असते आणि भिंतीवर मोठ्या आकारात ती लाजिरवाणी दिसते.

लिप्यंतराचा दुसरा फायदा म्हणजे मजकूर प्रतिमेपासून सुटा होतो. आता तो कापता येतो, पुन्हा मांडता येतो, मोठ्याने वाचता येतो, मोजता येतो. ‘रा. रा.’ किती वेळा आलं, ‘बाकी’ किती वेळा, ‘आई’ एकदाही आलं नाही. अशी मोजणी कोरडी वाटते, पण नवं काम बऱ्याचदा अशा यादीतूनच निघतं.

मजकूर झाकून त्याच पानात दुसरा मजकूर शोधायचा प्रकार तुम्ही केलेला दिसतो. दुसऱ्या कोलाजमधल्या काळ्या पट्ट्या त्याच आहेत ना? या पद्धतीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण ब्रिटिश चित्रकार टॉम फिलिप्स यांचं. त्यांनी १८९२ सालची एक विस्मृतीत गेलेली इंग्रजी कादंबरी १९६६ साली हाती घेतली आणि तिचीच पानं रंगवत ते ५० वर्षं काम करत राहिले. ते बघून मराठी पानावर तसंच करायला गेलं की फसतं, आणि का फसतं ते समजून घेण्यासारखं आहे.

इंग्रजीत सुटा शब्द बहुतेक वेळा स्वतःच्या पायावर उभा असतो. मराठीत नाम वाक्यात शिरलं की त्याचं सामान्यरूप होतं. पानावर तुम्हाला ‘घोडा’ सापडेलच असं नाही, ‘घोड्याला’, ‘घोड्यावरून’ सापडेल. प्रत्यय झाकला की ‘घोड्या’ असा लंगडा तुकडा उरतो. शिवाय क्रियापद शेवटी येतं आणि ते लिंगवचनाने बांधलेलं असतं. तिसऱ्या ओळीतली ‘ती’ पकडली आणि नवव्या ओळीत फक्त ‘गेला’ असेल तर वाक्य मोडतं. म्हणून मराठी पानावर उलट्या बाजूने जा. आधी पानातली सगळी क्रियापदं पेन्सिलने गोल करा, त्यांचं लिंग-वचन समासात लिहा, मग वर चढत त्यांना चालतील असे कर्ते शोधा. कर्ता नसलेली वाक्यंही मराठीत सहज चालतात, ‘सांगितलं नाही’, ‘परत आले’, त्याचा फायदा घ्या. ही निवड मूळ प्रतिमेवर नाही, दहा साध्या फोटोकॉपींवर करा. पहिल्या दोन-तीन प्रती हात बसण्यातच जातात.

आणखी एक शक्यता, जी आपल्याच भाषेत आहे. शब्द झाकून नुसते प्रत्यय ठेवा: ला, ने, चा, त, हून, शी. पानभर नातीच उरतात, नाती ज्यांची ती माणसं नाहीशी होतात. कागदात खासगी नावं असतील आणि ती दाखवायची नसतील तर काळ्या पट्टीपेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. काळी पट्टी ‘इथे गुपित आहे’ असं ओरडून सांगते. उरलेला ‘ला’ मात्र कुणाला तरी काहीतरी दिलं गेलं, एवढंच म्हणतो.

कागदाने न दिलेल्या उत्तराचं काय करायचं, यावर दोन अगदी वेगळी उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकन कलाकार फ्रेड विल्सन यांनी १९९२ साली बाल्टिमोरमध्ये मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातल्या वस्तू घेऊन प्रदर्शन मांडलं. एका काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी होती आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. पाटीवर फक्त ‘धातुकाम, १७९३ ते १८८०’ असं लिहिलं होतं. नवं काहीच बनवलेलं नव्हतं. एरवी एकमेकांशेजारी कधी न येणाऱ्या वस्तू शेजारी आल्या आणि संग्रहाच्या वर्गवारीनेच काय दडवलं होतं ते दिसलं. दुसऱ्या टोकाला अमेरिकन छायाचित्रकार झोई लिओनार्ड यांचं काम. त्यांनी चित्रपटकार शेरिल डुन्ये यांच्यासोबत १९९३ ते १९९६ या काळात फे रिचर्ड्स या कधीच अस्तित्वात नसलेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा जुन्या फोटोंचा अख्खा संग्रह रचला, कारण खऱ्या संग्रहांमध्ये अशा स्त्रियांचे कागद जपलेलेच नाहीत. ज्या चित्रपटासाठी हा संग्रह रचला, तो डुन्ये यांचा ‘द वॉटरमेलन वुमन’ शेवटी स्पष्ट सांगतो की हे रचलेलं आहे.

म्हणजे पोकळी उघडी करून दाखवता येते किंवा कल्पनेने भरता येते. दुसरा मार्ग घेतलात तर भरलेलं कुठे आणि मूळ कुठे, हे कामात कुठेतरी कळायलाच हवं. खोटा दस्तऐवज खऱ्याशेजारी बिनखुणेचा ठेवणं मला मान्य नाही. तुमच्या कामाचा फोटो चार हातांतून फिरून पुराव्यासारखा वापरला जाऊ शकतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: एक कागद, त्याचं पूर्ण वाचन, त्यातला अनुत्तरित प्रश्न. आता सामग्री.

आधी तो तपकिरी रंग. चहात बुडवलेला कागद जुना का वाटत नाही, हे कळलं की तुम्ही तो वापरणं आपोआप सोडाल. खरा कागद सहसा कडांकडून आत पिवळा पडत जातो, कारण हवा आणि उजेड कडांना आधी लागतात. वर्तमानपत्री कागद लवकर करपतो तो लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. पाणी लागलं असेल तर डाग मध्ये फिका आणि ओल जिथे थांबली त्या सीमेवर गडद असतो. जुन्या पत्रातली तपकिरी शाई मुळात काळी असते: मायफळासारखी टॅनिनची द्रव्यं आणि हिराकस यांपासून केलेली शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कागद खाते, म्हणून काही पत्रांत अक्षरांच्या जागी भोकं असतात. यातल्या प्रत्येक खुणेला कारण आहे. चहाचा सरसकट रंग कारण नसलेला आहे, आणि बघणाऱ्याला शब्दांत सांगता आलं नाही तरी ते जाणवतं. नव्या पांढऱ्या कागदावर काम करा. जुनेपणा दाखवायचाच असेल तर त्याचं कारण दाखवा.

सायनोटाइपबद्दल तुम्ही विचारलंत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ साली शोधली, आणि पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांच्या प्रतिमा, सोबतचा हस्तलिखित मजकूरसुद्धा, तिच्यात उतरवायला सुरुवात केली. पुढे दीर्घकाळ इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे याच रसायनाने काढले गेले. म्हणून तुमचा कागद नकाशा, आराखडा, वनस्पतींची नोंद असा असेल तर निळ्याला अर्थ आहे. हजेरीपट निळा करायला मात्र मला काही कारण दिसत नाही.

तरी करायचंच ठरलं तर: १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. गडद बाटल्यांत वेगवेगळं ठेवा आणि लावायच्या वेळी समभाग मिसळा. ए-४ला तीनेक मिलि पुरतं. मंद पिवळ्या दिव्यात रुंद ब्रशने आडवा-उभा हात फिरवून लावा, अंधारात पूर्ण वाळू द्या. कागद अल्कली मिसळलेला नसावा. ‘अर्काइव्हल’ म्हणून विकले जाणारे बरेच कागद तसे असतात आणि त्यावर निळा फिका पडतो. फेरीसायनाइडचा तीव्र आम्लाशी कधीही संपर्क येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

मजकुराच्या बाबतीत इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: मूळ पान जसंच्या तसं पारदर्शक फिल्मवर छापलं तर अक्षरं पांढरी आणि पार्श्वभूमी निळी येते, कारण उजेड लागेल तिथे निळं होतं. जुने नकाशे असेच दिसतात. निळी अक्षरं हवी असतील तर प्रतिमा निगेटिव्ह करावी लागते. दुसरी: फिल्मची शाईची बाजू कागदाला चिकटलेली हवी, नाहीतर फिल्मच्या जाडीतून उजेड आत घुसतो आणि बारीक मात्रा विरघळतात. म्हणून छापण्याआधी प्रतिमा आडवी उलटवा. उन्हाची वेळ ठरवायला आधी एक पट्टी घ्या, दर दोन मिनिटांनी तिचा एकेक भाग झाका आणि धुऊन बघा. उन्हावर आणि फिल्मवर सगळं अवलंबून असल्याने दुसऱ्याची वेळ उपयोगी पडत नाही. धुताना पाण्यातला पिवळेपणा जाईपर्यंत धुवा, नाहीतर पांढऱ्या जागा नंतर निळसर होतात.

जेल मीडियमने (पारदर्शक ॲक्रिलिक लेपाने) मजकूर उतरवणार असाल तर प्रिंट लेझरचाच हवा. बहुतेक इंकजेटची शाई पाण्यात फुटते. इथेही प्रतिमा उलटी छापायची. घाईत हेच विसरतं आणि रात्रभर वाळवल्यावर आरशातली अक्षरं मिळतात. जेलचा सारखा थर, त्यावर प्रिंट पालथा, जुन्या कार्डाच्या कडेने मधून बाहेर हवा काढा, १२ ते २४ तास वाळवा, मग ओल्या बोटाने कागदाचा लगदा सोलून काढा. देवनागरीची खास अडचण अशी की अनुस्वार आणि रफार चोळताना निघून जातात. ‘नंदी’चा ‘नदी’ होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सोलून झाल्यावर लिप्यंतर शेजारी ठेवून एकेक ओळ तपासा. स्क्रीन प्रिंटमध्ये उलट घडतं, जागा भरून जातात: ‘ष’च्या पोटातल्या तिरक्या रेघेभोवतीची जागा बुजते, ‘ध’ची गाठ भरते. बारीक मजकुराला कागदावर ९० टी (सेंटीमीटरला ९० धागे) किंवा त्याहून बारीक जाळी घ्या आणि सगळ्यात छोट्या अक्षराची चाचणी आधी काढा.

आता परत त्या १४ चौकटींकडे. मी काय सुचवेन? संपूर्ण हजेरीपट दाखवायची गरज नाही. १४ रिकाम्या चौकटी, खऱ्या मापाच्या, बिनशाईच्या उठावात. शाई नाही, कारण तिथे कुणी हजर नव्हतं. उठाव आहे, कारण जागा मात्र आखलेली होती. आणि बघायला तिरपा प्रकाश लागेल, जसा तुम्हाला संग्रहात लागला होता. इथे माध्यम कागदाच्या प्रश्नातून आलं, म्हणून त्याला कुणी सजावट म्हणणार नाही.

करायला सोपं आहे, पण हात घाईचा असला तर बिघडतं. दीड मिलिमीटरच्या माउंट बोर्डात चौकटी कापा, कडा सँडपेपरने किंचित उतरत्या करा, नाहीतर धारदार कड ओला कागद फाडते. बोर्डाला दोन्ही बाजूंनी शेलॅक लावा म्हणजे ओल पिऊन तो मऊ होणार नाही. ३०० जीएसएमचा सुती कागद २०-३० मिनिटं भिजवून ब्लॉटरमध्ये टिपा. पृष्ठभागावर चमक दिसत असेल तर अजून फार ओला आहे. प्रेसवर फेल्ट घालून एकदाच फिरवा. प्रेस नसेल तर बोन फोल्डरने (घडी दाबायच्या बोथट पट्टीने) किंवा चमच्याच्या पाठीने कडांवरून सावकाश दाबत जा. १४ चौकटींना तासभर लागेल. जड फळ्यांखाली वाळवू नका, उठाव चपटा होतो. चार कडा टेपने बोर्डाला धरून वाळवा. यात अक्षर किंवा अंक घेणार असाल तर साच्यात ते उलटे कापायचे.

आकाराबद्दल एक ढोबळ माप: अक्षराची उंची पाहण्याच्या अंतराच्या किमान २००व्या भागाएवढी ठेवा. दीड मीटरवरून वाचायचं असेल तर साडेसात मिलिमीटर. आणि मुद्दाम छोटं ठेवायचं असेल तर मग इतकं छोटं ठेवा की माणसाला वाकावंच लागेल. मधला आकार धड वाचताही येत नाही आणि जवळही बोलावत नाही. टाइप लावताना ‘जुना वाटणारा’ फॉन्ट टाळा, साधा घ्या.

परवानगीचं काम पहिल्याच आठवड्यात करा, कारण उत्तराला वेळ लागतो. संस्थेला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: फोटो काढता येईल का, प्रतिमेत बदल करता येईल का, प्रदर्शनात आणि छापील किंवा ऑनलाइन दाखवता येईल का. एकीला होकार म्हणजे तिन्हींना होकार नव्हे. कागद ज्याच्याकडे आहे तो मजकुराचा हक्कदार असतोच असं नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात सर्वसाधारणपणे ६० वर्षं, युरोपातल्या बहुतेक देशांत ७० वर्षं तो टिकतो; भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या पत्राचा तो त्याहून जास्त टिकू शकतो. त्यापलीकडे कायद्यात न बसणारी गोष्ट म्हणजे संमती. रुग्णालय, पोलीस, अनाथाश्रम, कारखाना यांच्या कागदात आलेल्या माणसांनी त्या कागदात यायचं ठरवलं नव्हतं. नाव आणि चेहरा कामाला खरंच लागतो का, असं दर वेळी विचारा. हजेरीपटातल्या १९व्या ओळीचं नाव मी घेणार नाही, क्रमांक घेईन.

वेळेची वाटणी मी अशी करीन: दोन आठवडे वाचन, लिप्यंतर आणि परवानगी, एक आठवडा फक्त प्रश्न आणि छोटे कच्चे आराखडे, दोन आठवडे चाचण्या, दोन आठवडे अंतिम काम, शेवटचा आठवडा मांडणीला. मांडणीला अख्खा आठवडा जास्त वाटेल, पण तिरपा दिवा जागेवर बसवण्यातच दोन दिवस जातात. मूळ कागद उसना मिळून शेजारी मांडणार असाल तर त्याच्यावर प्रकाश ५० लक्सच्या आसपासच ठेवायचा आणि उन्हाची खिडकी टाळायची. पाटीवर संग्रहाचं नाव, फोल्डर क्रमांक, मूळ कागदाचं माप आणि तुम्ही त्यात काय बदललं ते एका ओळीत लिहा. ‘काळाच्या पाऊलखुणा’ छापाचं वाक्य नको.

तुमचे शेवटचे दोन छोटे प्रश्न राहिले. घरातली आजीची खरी पत्रं कोलाजमध्ये चिकटवू का? चिकटवू नका. गोंदाने कागद आकसतो, मागची बाजू कायमची जाते, आणि दहा वर्षांनी तुम्हाला त्याच पत्राकडे वेगळा प्रश्न घेऊन जावंसं वाटेल. दोन्ही बाजूंचा स्कॅन करा, पत्र आम्लरहित पाकिटात ठेवा, प्रिंट वापरा. आणि ते चार कोलाज? त्यांच्यावर एक पारदर्शक कागद ठेवा आणि त्यात तुमची नजर पुन्हा पुन्हा कुठल्या तुकड्याकडे जाते तिथे खूण करा. चारही कोलाजमध्ये एकाच पत्राचा तुकडा आला असेल, तर वाचायला सुरुवात त्या पत्रापासून करा, आणि आधी त्याची मागची बाजू बघा.